तळपायावरचा तीळ आणि त्याचा प्रवास

‘तळपायावर तीळ असला की प्रवासाचा योग असतो,’ असं तुम्ही घरात कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलंच असेल. एखादा मामा सारखा गावोगाव हिंडत असला की आजी लगेच म्हणते, “अरे, त्याच्या पायावर तीळ आहे ना!” तिळाचा आणि एस.टी.च्या तिकिटाचा काही संबंध नसतो, हे तुम्हांला वेगळं सांगायला नको. पण एक गोष्ट मात्र खरी आहे. क्वचित कधीतरी तळपायावरचा एखादा काळा डाग स्वतःच प्रवासाला निघतो. माणूस नव्हे, डाग! तो कातडीच्या वरच्या थरात जन्मतो, हळूहळू खाली उतरतो, आणि वेळेवर कुणी अडवलं नाही तर जांघेपर्यंत, फुप्फुसापर्यंत, कधी मेंदूपर्यंत जाऊन पोहोचतो. या डागाचं नाव मेलॅनोमा. हा कातडीचा एक प्रकारचा कॅन्सर आहे.

नाव ऐकून पान उलटू नका, हं! मेलॅनोमा आपल्या देशात फारच कमी लोकांना होतो. वर्षाला लाखात एकापेक्षाही कमी. मुलांना तर तो अगदीच क्वचित होतो. मग त्याच्याबद्दल का बोलायचं? कारण हा असा आजार आहे, की तो अगदी सुरुवातीला डोळ्यांना दिसतो. पोटातली गाठ दिसत नाही, फुप्फुसातली दिसत नाही. हा मात्र उघड्यावर बसलेला असतो. आणि तरीही आपल्याकडे तो पुष्कळदा उशिरा सापडतो. कारण तो बसतो अशा जागी, जिथं कुणी बघतच नाही!

रंगाचे कारखाने

आधी कातडीची थोडी ओळख करून घेऊ. कातडीचा वरचा थर बहुतेक ठिकाणी तुमच्या वहीच्या एका पानाएवढाच जाड असतो. तळपायावर तो कितीतरी जाड असतो, म्हणून तर आपण ढेकळांतून अनवाणी चालू शकतो. या थराच्या अगदी तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचा काळपट-तपकिरी रंग तयार करतात. एका रंगपेशीला झाडासारख्या फांद्या असतात आणि त्यांतून ती आजूबाजूच्या सुमारे ३६ पेशींना रंग पुरवते. हा रंग म्हणजे कातडीची छत्रीच. उन्हातल्या अतिनील किरणांपासून तो पेशींना वाचवतो.

गोऱ्या आणि सावळ्या माणसात रंगपेशींची संख्या जवळपास सारखीच असते, बरं का! फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या प्रकारचा रंग बनवतात यात. म्हणजे रंगावरून कुणाला चिडवण्यात काहीच अर्थ नाही.

या रंगपेशींची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे ती उपयोगी पडणार आहे. बाळ आईच्या पोटात असताना या पेशी कातडीत जन्मत नाहीत. बाळाच्या पाठीकडच्या भागात, जिथं मज्जारज्जू तयार होत असतो, त्याच्या कडेला त्यांचे पूर्वज असतात. तिथून निघून, वाट काढत काढत त्या साऱ्या अंगभर पोहोचतात आणि मग कातडीत मुक्काम ठोकतात. थोडक्यात, रंगपेशी मुळातच फिरस्त्या. एकदा घर मिळालं की त्या शेजारच्या पेशींचा हात घट्ट धरून बसतात आणि आयुष्यभर हलत नाहीत.

कुठं कुठं अशा रंगपेशींचा घोळका एकत्र जमतो. तोच आपला तीळ. तुमच्या अंगावर दहा-वीस तीळ असतील, तर ते शेवटपर्यंत तसेच राहण्याचीच शक्यता सगळ्यांत जास्त आहे.

पहिली पायरी : आडवं पसरणं

पण एखाद्या रंगपेशीच्या आत बिघाड होतो. पेशी दुभंगून दोन होताना तिच्या आतल्या सूचनांची, म्हणजे जनुकांची, नक्कल होते. नकलेत चुका राहतात. बहुतेक चुका दुरुस्त होतात. काही उरतात. अशा नेमक्या चुका एकाच पेशीत साठत गेल्या, तर ती ‘आता वाढू नकोस’ हा निरोप ऐकेनाशी होते. गोऱ्या कातडीच्या लोकांत, विशेषतः ऑस्ट्रेलियासारख्या देशात, कडक ऊन हे या बिघाडाचं मोठं कारण आहे. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत मात्र मेलॅनोमा पुष्कळदा तळपाय, तळहात किंवा नखाखाली होतो. तिथं तर ऊन धड पोहोचतसुद्धा नाही!

सुरुवातीला या बिघडलेल्या पेशी वरच्या थरातच आडव्या पसरत जातात. हा काळ काही महिन्यांचा असू शकतो, कधी काही वर्षांचाही. डाग फक्त थोडा रुंद होतो. दुखत नाही, खाजत नाही. आणि इथं एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. कातडीच्या या वरच्या थरात रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे डागाला बाहेर जायला रस्ताच नसतो!

संगमनेर-अकोल्याकडच्या मुलांना हे एका क्षणात कळेल. शेताच्या बांधावर गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, उगवलेलं तुम्ही पाहिलं असेल. १९५५ च्या सुमारास हे गवत पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि नंतर देशभर पसरलं. ते फुलोऱ्यात येण्याआधी उपटलं, तर काम तिथंच संपतं. पण एकदा पांढरी फुलं येऊन बी धरलं की एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. मग ते वाऱ्यावर जातं, पाटाच्या पाण्यात जातं, बैलाच्या खुराला चिकटून जातं. मेलॅनोमाची पहिली पायरी म्हणजे फुलोरा न आलेलं गाजरगवत. या वेळी डॉक्टरांनी तेवढा डाग, भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह काढून टाकला, तर रोगी जवळजवळ नेहमीच बरा होतो. छोटं ऑपरेशन, थोडे टाके, बस्स!

काचेच्या ताटलीत काय दिसतं?

पेशी शहाण्यासारख्या कशा वागतात आणि बिघडल्यावर कशा वागतात, हे शास्त्रज्ञांना कसं कळलं? त्यासाठी त्यांना शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत वाढवावं लागतं. याला ऊतिसंवर्धन म्हणतात. आपल्या देशात कॅन्सरच्या अभ्यासासाठी अशी पहिली प्रयोगशाळा उभी केली ती एका मराठी बाईंनी. त्यांचं नाव डॉ. कमल रणदिवे.

कमलताई ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मल्या. हुजूरपागेत शिकल्या, मग फर्ग्युसन कॉलेजात. लग्नानंतर मुंबईला आल्यावर परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात त्यांनी काम धरलं. हे हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं होतं आणि तिथं डॉ. वसंत रामजी खानोलकर हे नामवंत विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या हाताखाली कमलताईंनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. काचेत माणसाच्या पेशी वाढवण्यात या गायसाहेबांचा हातखंडा होता. तिथं शिकून आलेल्या कमलताईंनी ही विद्या मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रात रुजवली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आणि हे तुम्हांला कदाचित माहीत नसेल. याच कमलताई पुढे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरमध्ये, येऊन गेल्या. संगमनेरच्या शेजारच्या अकोले तालुक्यात सत्यनिकेतन या संस्थेबरोबर त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. काचेतल्या पेशीकडे बघणारी नजर त्यांनी डोंगरातल्या मुलांकडेही वळवली. २००१ मध्ये त्या गेल्या.

तर काचेच्या ताटलीत काय दिसतं? निरोगी पेशी वाढत वाढत जातात, आणि शेजारणीला टेकल्या की सहसा थांबतात. जणू म्हणतात, “इथून पुढं तुमचं अंगण.” कॅन्सरच्या पेशी मात्र थांबत नाहीत. एकीच्या अंगावर दुसरी चढते, वाट फुटेल तिकडे सरकते. आता मघाची गोष्ट आठवा. रंगपेशी मुळातच फिरस्ती! शेजाऱ्यांचा धरलेला हात एकदा का तिनं सोडला, की तिची जुनी सवय जागी होते. म्हणून तर हा कॅन्सर कातडीच्या इतर बऱ्याच कॅन्सरांपेक्षा पसरण्यात पटाईत असतो.

दुसरी पायरी : खाली उतरणं

वरच्या थराच्या तळाशी एक पातळ पडदा असतो. शेताच्या कुंपणासारखा. बिघडलेल्या पेशी रसायनं सोडून हा पडदा विरघळवतात आणि खालच्या थरात शिरतात. इथं रक्तवाहिन्या आहेत, लसिकावाहिन्या आहेत. म्हणजे गल्लीतून निघून थेट हमरस्त्याला लागल्यासारखंच! डाग आता उंच होऊ लागतो, गाठीसारखा लागतो, कधी चिघळतो, कधी त्यातून रक्त येतं. आणि वाढत्या गाठीला अन्न पुरावं म्हणून या पेशी चक्क नव्या रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेतात.

इथं एक प्रयोग करा. जुन्या वहीवर शाईचा मोठा थेंब टाका. तो पानावर केवढा पसरला ते बघा. मग एकेक पान उलटून शाई किती पानं खाली झिरपली ते मोजा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नाही का? पूर्वी डॉक्टर मुख्यतः डाग केवढा पसरला ते बघत. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकात मोजपट्टी लावून डाग किती खोल गेला ते मोजलं. आणि त्यांना दिसलं, की पुढं काय होणार हे रुंदीपेक्षा खोलीवरून जास्त नेमकं सांगता येतं. आजही जगभर हेच माप वापरतात. १ मिलिमीटर, २ मिलिमीटर, ४ मिलिमीटर या त्याच्या पायऱ्या. वहीची दहा-बारा पानं चिमटीत दाबून धरा. झाला एक मिलिमीटर! आयुष्य आणि मरण यांच्यातलं अंतर कधी कधी एवढं छोटं असतं.

तिसरी पायरी : जांघेतला नाका

पायात काटा मोडून पू झाला की जांघेत दुखरी गाठ येते. आजी म्हणते, “अवधाण आलंय.” ही जांघेतली गाठ म्हणजे लसिकाग्रंथी. पायाकडून येणारा लसिका नावाचा पातळ रस तिथं गाळला जातो. रस्त्यावरचा तपासणी नाकाच तो! काट्याबरोबर आलेले जंतू तिथं अडवले जातात, लढाई होते, म्हणून गाठ सुजते.

तळपायावरच्या मेलॅनोमाच्या पेशीही पुष्कळदा याच वाटेने निघतात आणि आधी याच नाक्यावर पोहोचतात. कधी वाटेतच पोटरीवर किंवा मांडीवर कातडीखाली छोट्या गाठी उठतात. ही गाठ अवधाणासारखी दुखत नाही आणि आठवड्याभरात ओसरतही नाही. ती टणक असते आणि राहतेच.

१९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन या अमेरिकन सर्जनांनी एक नामी युक्ती जगापुढे मांडली. डागाजवळ निळा रंग टोचायचा. तो लसिकेबरोबर वाहत ज्या ग्रंथीत पहिल्यांदा पोहोचेल, ती पहिल्या नाक्यावरची ग्रंथी. तेवढीच काढून तपासायची. तिथं कॅन्सरच्या पेशी आहेत की नाहीत, त्यावरून प्रवास कुठवर झाला याचा अंदाज येतो.

चौथी पायरी : दूर जाऊन रुजणं

काही पेशी रक्तात शिरतात. आता त्या कुठंही जाऊ शकतात. रतनगडाजवळ उगम पावलेल्या प्रवरेत काही पडलं, तर ते भंडारदरा, ओझरचा बंधारा, संगमनेर असं करत प्रवरासंगमला गोदावरीत आणि तिथून पार समुद्रापर्यंत जाऊ शकतं ना? तसंच! पण जाणं वेगळं आणि रुजणं वेगळं. रक्ताच्या प्रवाहात या पेशींची अगदी दैना होते. धक्के बसतात, शरीराचे पहारेकरी त्यांना मारतात. १९७० मध्ये आयझाया फिडलर या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या रक्तात मेलॅनोमाच्या खूण केलेल्या पेशी सोडल्या. नवी गाठ रुजवण्याइतक्या टिकल्या त्या दहा हजारांत एकीहूनही कमी!

मग ज्या टिकतात त्या कुठं रुजतात? याचं उत्तर शोधलं ते लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी, १८८९ मध्ये. स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू पावलेल्या ७३५ बायकांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. रक्त तर सगळीकडेच जातं. मग यकृतात गाठी वारंवार आणि प्लीहेत क्वचितच, असं का? पॅजेट म्हणाले, झाडाचं बी चारी दिशांना उडतं, पण ते उगवतं फक्त मानवेल त्या जमिनीतच. शेतकऱ्याच्या मुलाला हे शिकवायला लंडनचा सर्जन कशाला हवा, असं म्हणाल तुम्ही! पण कॅन्सरच्या अभ्यासात हा विचार आजही मानला जातो. मेलॅनोमाच्या बियाणाला मानवणारी जमीन म्हणजे फुप्फुस, यकृत, मेंदू, हाडं आणि कातडीचा दुसरा एखादा भाग. काही पेशी तर तिथं जाऊन वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहतात आणि मग उगवतात. म्हणून डाग काढल्यावरही डॉक्टर तपासणीला पुन्हा पुन्हा बोलावतात.

ही चौथी पायरी सगळ्यांत अवघड. अमेरिकेतल्या नोंदी सांगतात, की मेलॅनोमा कातडीपुरताच असताना सापडला तर पाच वर्षांनंतर शंभरातले जवळजवळ सगळे रोगी जिवंत असतात. दूरच्या अवयवांत पोहोचल्यावर सापडला, तर शंभरात साधारण ३५.

‘फक्त ३५?’ असं वाटलं ना? पण पूर्वी हा आकडा याहून खूप लहान होता. २०११ पासून नवी औषधं येऊ लागली. आपल्या शरीरातल्या पहारेकरी पेशींना नैसर्गिक ब्रेक असतात. कॅन्सर हे ब्रेक दाबून धरतो. ते सोडवणारी ही औषधं. त्यामागचं मूळ संशोधन करणारे अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांना २०१८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. मात्र तळपायावरच्या प्रकारात ही औषधं तुलनेने कमी लागू पडतात, आणि ती महागही आहेत. म्हणजे आपल्यासाठी सगळ्यांत भरवशाचा उपाय पुन्हा तोच, पहिल्या पायरीवर पकडणं.

फुटबॉलची दुखापत?

बॉब मार्ली हे नाव तुमच्या दादा-ताईला विचारा. जमैका बेटावरचा हा गायक जगभर गाजला होता. त्याला फुटबॉलचं वेड होतं. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा सापडला. आधी ती खेळातली दुखापतच वाटली होती. अंगठा काढण्याचा सल्ला मिळाला, पण तो त्याने मानला नाही; नख आणि त्याखालचा भागच काढला गेला. कॅन्सर फुप्फुसात आणि मेंदूत पोहोचला. ११ मे १९८१ रोजी तो गेला, तेव्हा त्याचं वय अवघं ३६ होतं. पैसा होता, कीर्ती होती. पण नखाखालचा डाग कुणाचीच कीर्ती ओळखत नाही.

आता तुमचं काम

आपल्या घरातली मोठी माणसं कांद्याच्या वाफ्यात, उसाच्या सरीत पायाला चिखल लावून उभी असतात. तळपाय भेगाळलेले, मातीने काळे पडलेले. त्यात एक डाग आणखी! आजीची नजर अधू, आजोबांना वाकवत नाही. स्वतःचा तळपाय स्वतःला बघणं तसं अवघडच. मग बघणार कोण? तुम्ही! संध्याकाळी आजोबांचे पाय चेपायला बसता ना? मग एखाद्या रविवारी पाय साबणाने, वजरीने स्वच्छ धुऊ द्या आणि दिवसाच्या उजेडात तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखं नीट बघा. मातीचा, मेंदीचा, चपलेचा रंग घासला की जातो. न जाणारा काळा-तपकिरी डाग दिसला, तर स्वतःला पाच प्रश्न विचारा :

१. डागाचे मधोमध दोन भाग कल्पिले, तर ते एकमेकांसारखे आहेत का?
२. त्याची कड गुळगुळीत आहे, की नकाशासारखी वेडीवाकडी?
३. रंग एकच आहे, की काळा, तपकिरी, निळसर, लालसर असे मिसळलेले?
४. तो शिसपेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा, मोठा आहे का?
५. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गेल्या काही महिन्यांत तो बदलतोय का?

नखाचंही बघा. ठेच लागून साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढं सरकत जातं. पुढं न सरकणारा, रुंद होत जाणारा किंवा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरलेला काळा पट्टा मात्र दाखवायलाच हवा. सावळ्या माणसांत बऱ्याच नखांवर बारीक काळसर रेघा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी असतात. एकाच नखावर नव्याने आलेला पट्टा वेगळा. आणि हो, काही मेलॅनोमा काळे नसतातच. ते न भरणाऱ्या गुलाबी जखमेसारखे दिसतात.

डॉक्टर हे कसं ओळखतात, तेही ऐका. तळपायाच्या कातडीवर बारीक रेषा असतात. भिंगातून त्या अगदी सरी-वरंब्यासारख्या दिसतात. साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत बसतो, तर मेलॅनोमाचा रंग वरंब्यावर. जपानी डॉक्टरांनी हे फार बारकाईने पाहिलं. अर्थात हे ठरवायचं डॉक्टरांनी, त्यांच्या खास भिंगातून. आणि पक्कं निदान होतं ते तुकडा काढून तपासल्यावरच. तुमचं काम निदान करणं नव्हे. तुमचं काम फक्त दिसलेलं सांगणं.

आई-बाबांसाठी

शेवटच्या चार ओळी तुम्हांला. तळपायावर काही टणक काळं दिसलं की आपल्याकडे ‘कुरूप असेल’ म्हणून ब्लेडने तासतात किंवा बिब्बा लावतात. कृपा करून तसं करू नका. कातडी भाजते, डागाचं रूप बदलतं, आणि त्याहून वाईट म्हणजे महिने वाया जातात. ‘सुरी लागली की कॅन्सर चवताळतो’ असंही काही जण म्हणतात. ते खरं नाही. नीट केलेल्या ऑपरेशनने मेलॅनोमा पसरत नाही. वाट बघत बसल्याने पसरतो. हा आजार शिवल्याने होत नाही आणि कुणाच्या पापाचं फळही नाही. घराजवळचं सरकारी रुग्णालय, लोणीचं प्रवरा रुग्णालय किंवा कातडीचे कुणीही डॉक्टर पहिली तपासणी करू शकतात. कॅन्सर निघालाच तर अनेक उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून मदत मिळू शकते. रुग्णालयात त्याची चौकशी करा. आणि मूल म्हणालं, “आजीच्या पायाला काहीतरी काळं आहे,” तर “तुला काय कळतंय?” असं म्हणून त्याला उडवून लावू नका. उठून एकदा बघा.

मित्रांनो, शंभरदा बघितलंत तर बहुधा शंभरही वेळा साधा तीळच निघेल. छानच की! गाजरगवत नाही म्हणून बांधावर चक्कर मारायचं आपण सोडतो का? तर येत्या रविवारी घरातले सगळे तळपाय तपासा. सगळ्यांत जास्त भेगा कुणाच्या निघाल्या आणि तुमच्या घरात तळपायावर तीळवाले ‘प्रवासी’ किती, ते वहीत लिहून ठेवा, तारखेसकट. सहा महिन्यांनी पुन्हा बघाल, तेव्हा तीच वही उपयोगी पडेल.

बरंय तर, भेटू पुढच्या अंकात!